झिबलभाऊंचे हात

चामोर्शीला माझी राईस मिल आहे. मिलच्या मागं, भट्टीच्या बाजूला, धानाच्या तुसाच्या राखेचा ढीग सदोदित पडलेला असतो. करडी, हलकी, बोटांत घेतली तर किंचित खरखरीत. बायका भांडी घासायला नेतात, कोणी वांग्याच्या वाफ्यात टाकायला नेतं. गेली नऊ वर्षं मी त्या ढिगाकडं शक्यतो बघत नाही. त्या राखेनं हात धुणारा एक माणूस होता आणि त्याचं नाव मी खराब केलं. रागानं नाही, वैरानंही नाही. चार मित्रांसमोर माझी मान खाली जाऊ नये, एवढ्यासाठी.

झिबलभाऊंचं गॅरेज चंद्रपूरला होतं. पठाणपुरा दरवाज्याच्या अलीकडं, जुन्या परकोटाला पाठ लावून उभी केलेली टिनाची एक शेड. बोर्ड नव्हता. परकोटाच्या दगडावरच खडूनं एक शब्द लिहिलेला असायचा, ‘क्लच’. पावसानं पुसला की ते पुन्हा लिहीत. बाकी कोणतंही काम ते घेत नसत. इंजिनसाठी आलेल्याला समोरच्या गल्लीत पाठवत, ब्रेकसाठी आलेल्याला पुलाजवळ. हाताखाली माणूस ठेवत नसत. गिअरबॉक्स उतरवायचा असला की शेजारच्या वेल्डिंगवाल्याला हाक मारत, आणि त्याच्या बदल्यात दिवसभर त्याच्या शिव्या ऐकून घेत.

ठेंगणा, रुंद माणूस. खाकी हाफपॅन्ट, भोकं पडलेली बनियन, चष्म्याला मागून सुतळी. पण बघणाऱ्याची नजर जायची ती हातांवर. मेकॅनिकचे हात तसे नसतात. त्यांच्या रेघांत काळं मुरलेलं असतं, ते मरेपर्यंत जात नाही. झिबलभाऊंच्या नखांच्या कडा पांढऱ्या होत्या. बोटांची टोकं धुणं धुणाऱ्या बाईसारखी फिकट, सुरकुतलेली. 

क्लच म्हणजे काय, हे ते विचारलं नाही तरी सांगत. कोळशाच्या टिप्परचा ड्रायव्हर असो की शाळेचा मास्तर, पाठ एकच असायचा.

“इंजिन पळून राह्यलं, अना चाक उभं हाये. दोघायचं जमत नाई. मंग मधात एक माणूस उभा करा लागते. तो जरा घासते, जरा धरते, अना दोघायले एका चालीवर आणते. त्याले म्हंतात क्लच. मधातला हाये, म्हणून झिजते तोच.”

माझी त्यांची ओळख मिलच्या ट्रकमुळं झाली. ट्रकच्या खाली झोपले असताना फळ्यांच्या फटीतून राख त्यांच्या तोंडावर पडली. बाहेर आले, गालावरची राख दोन बोटांत चोळून पाहिली, हुंगली, आणि क्लचबद्दल एक शब्द न बोलता विचारलं, “मालक, हे कुठची राख हाये?” मी सांगितलं. “साबणाचा बाप हाये हा,” ते म्हणाले. तेव्हापासून महिन्याला राखेचं एक पोतं आमच्या ट्रकवरून चंद्रपूरला जायचं.

त्या राखेचं त्यांना काय काम, ते पुढं कळलं. क्लचची प्लेट म्हणजे एक गोल चकती, दोन्ही अंगांना खरखरीत अस्तर लावलेली. तिच्यावर तेलाचा डाग पडला की ती घसरते, हे कोणताही मेकॅनिक जाणतो. बाकीचे फडक्याला हात पुसतात आणि प्लेट बसवतात. झिबलभाऊ जुनी प्लेट काढून झाली की काम थांबवत. बादली घेत, राख घेत, आणि तीन वेळा हात धूत. कोपरापर्यंत.

“तीनदा काऊन, भाऊ?” मी एकदा विचारलं.

“पयल्यांदा ग्रीस जाते. दुसऱ्यांदा ग्रीसचा वास जाते.”

“अना तिसऱ्यांदा?”

“तिसऱ्यांदा मले बरं वाटते.”

धुतलेले हात ते कशालाही पुसत नसत. फडक्यात मागच्या गाडीचं तेल राहतं, म्हणत. कोपरं वाकवून, पंजे वर धरून, वाळेपर्यंत तसेच उभे राहत. मग गाडीच्या मालकासमोर येत, दोन्ही हात पुढं करत, आधी तळवे, मग पालथे, आणि म्हणत, “पाहून घ्या, मालक. तेल हाये का?”

मालकानं पाहायचं आणि म्हणायचं, “साफ.” हे म्हटल्याशिवाय प्लेटला हात लागत नसे. मालक टपरीवर गेला असेल तर त्याला बोलावून आणत. एकदा एका टिप्परचा मालक कोर्टात तारखेला गेला होता, तर झिबलभाऊ दुपारभर हात धूत आणि वाळवत बसले होते. वेल्डिंगवाला म्हणाला, “बुढ्या, मी म्हंतो ना साफ हाये. लाव.” तर म्हणाले, “तुही गाडी हाये का? ज्याची गाडी, त्याचा डोळा पायजे.”

लोक हसत. मीही हसत असे. पण ताडोब्याच्या जिप्सीवाल्यांपासून कोळशाच्या टिप्परवाल्यांपर्यंत सगळे त्यांच्याकडंच येत, आणि ‘झिबलभाऊनं हात दाखवले’ म्हणजे काम पक्कं, असं जिल्हाभर समजलं जाई.

त्यांचा स्वभाव कडक होता असं मात्र नाही. चामोर्शी ते मार्कंडा काळी-पिवळी जीप चालवणारा एक माणिक होता. त्याला क्लचच्या पायट्यावर, म्हणजे पेडलवर, पाय विसावून गाडी चालवायची सवय. वर्षात तीन प्लेटा जाळल्या. चौथ्या वेळी झिबलभाऊंनी प्लेट बसवली, हात-बीत दाखवले, आणि जाताना पायट्याला बैलाच्या गळ्यातलं एक घुंगरू तारेनं आवळून बांधलं. पाय टेकलेला असताना रस्त्यात खड्डा आला की पायटा हलून ते वाजायचं. महाशिवरात्रीची जत्रा जवळ आलेली, जीप माणसांनी गच्च, आणि घुंगरू वाजतंय. माणिक सांगायचा, “भाऊ, साऱ्या बाया ओरडून राह्यल्या होत्या माह्यावर. ‘पाय काढ नं बाप्पा, वाजून राह्यलं!’ एक बुढी तं म्हणे, मले वाटलं देव आला.” ती प्लेट दोन वर्षं टिकली. घुंगरू काढून द्या म्हणून माणिक आला, तर झिबलभाऊ म्हणाले, “राहू दे. आता तुले वळण लागलं, गाडीले सवय लागली.”

आता माझ्या गाडीकडं यायला हवं. टाळण्यासारखं आता काही उरलं नाही.

चाळिशी ओलांडल्यावर मी हैदराबादहून एक जुनी स्पोर्ट्स कार आणली. जपानी बनावटीची, दोन दारांची, लाल. जमिनीला पोट लावून चालणारी. चामोर्शीच्या पहिल्याच गतिरोधकावर तिनं खालून असा आवाज केला की पानठेल्यावरची माणसं उठून उभी राहिली. “हे गाडी हाये का घोरपड?” एकानं विचारलं. मी काच वर केली. लहानपणी वसतिगृहात मी भिंतीला अशा गाडीचं चित्र चिकटवलं होतं. वडिलांच्या मागं मिल चालवता चालवता वीस वर्षं गेली, आणि मग एके दिवशी ते चित्र आठवलं.

आधीच्या मालकानं तिच्या इंजिनाची ताकद वाढवून घेतली होती, पण क्लच जुनाच ठेवला होता. जोरात दाबली की इंजिन नुसतं ओरडायचं. मी झिबलभाऊंकडं नेली. ते तिच्यात बसायला वाकले, पुन्हा सरळ झाले, पुन्हा वाकले. “यात बसा लागते का झोपा लागते, मालक?” शेवटी आत गेले. चपला बाहेरच काढून ठेवल्या होत्या. अनवाणी तळवा पायट्यावर ठेवून म्हणाले, “पायाले समजते. चपलेले समजत नाई.” मूल गावाकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये त्यांनी गाडी दाबली. काटा वर गेला, गाडी तिथंच. “पाहा,” ते म्हणाले. “इंजिन वर गेलं, आपण इथीच. मधातला माणूस थकला.”

मी बाहेरून सामान मागवलं. जास्त जोरानं धरणारी प्रेशर प्लेट, नवी क्लच प्लेट, आणि हलकं फ्लायव्हील. फ्लायव्हील म्हणजे इंजिनाच्या टोकाचं जड चाक, ज्याला क्लच जाऊन चिकटतो. हलकं लावलं की इंजिन चटकन वर जातं, गाडी चपळ होते, असं मी वाचलं होतं. खोका उघडून झिबलभाऊंनी ते एका हातात तोललं. उतरवलेलं जुनं दुसऱ्या हातात.

“याले चाक म्हणू का पापड?”

“शर्यतीच्या गाडीत हेच लावतात, भाऊ.”

“लावत असन. पण मालक, हे चाक म्हणजे इंजिनाचा धीर हाये. जड चाक उगाच जड नसते. निघताना गाडी झटके खात नाई, ते याच्यामुळं. अना घासताना गरमी होते, ते हेच पिऊन घेते. हलक्याले गरमी प्याची ताकद कमी. तुमी धीर कमी करून राह्यले, मंग पाय जपा लागन.”

मी म्हटलं, जपीन.

काम दोन दिवस चाललं. दोन्ही दिवस मी तिथं होतो. ते चाक त्यांनी सुतळीनं शेडच्या आढ्याला टांगलं आणि पान्यानं हलकेच टिचकी मारली. देवळातल्या घंटेसारखा लांब आवाज आला. कान लावून आवाज पूर्ण विरेपर्यंत ऐकत राहिले. तडा असता तर आवाज बद्द आला असता. “चांगल्या घरचं हाये,” म्हणाले. प्लेट बरोबर मध्यावर बसावी म्हणून एक दांडी लागते. ती सामानासोबत आली नव्हती. त्यांनी सागाच्या तुकड्याची खुंटी तासली, आत घालून पाहिली, काढली, काचेनं खरवडली, पुन्हा घातली. संध्याकाळपर्यंत हेच. नव्या चाकाचे बोल्ट आवळताना प्रत्येक आवळलेल्या बोल्टवर पार्वताबाईंच्या, म्हणजे बायकोच्या, नखांच्या लालीचा एक ठिपका देत गेले. “घरात म्हंते, माही लाली गाड्याच लावतात.”

मग हात धुतले. तीनदा. माझ्या मिलच्या राखेनं. पंजे वर धरून वाळवले आणि माझ्यासमोर आले.

“पाहून घ्या, मालक. तेल हाये का?”

मी पाहिले. तळवे पाहिले, पालथे पाहिले. उजव्या अंगठ्याखाली जुन्या जखमेचा एक पांढरा व्रण होता, तोसुद्धा आठवतो.

“साफ,” मी म्हटलं.

जाताना ते दाराशी वाकले. “आठशे किलोमीटर हळू. बैलबाजारातून नेल्यासारखी. नवी प्लेट, नवं चाक, दोघायची वळख व्हा लागते. तोवर जोरानं दाबाची नाई, अना उभ्या गाडीवर इंजिन ओरडवून क्लच सोडाचा तं बिलकुल नाई.”

तिसऱ्या दिवशी आमच्या वसतिगृहातले चौघे जण जमले. गावाबाहेर नवा वळणरस्ता तयार झाला होता, वाहतूक अजून सुरू नव्हती. दिलीप होता, त्याच्या सहा जिप्सी ताडोब्यात चालतात. हंगाम उघडायच्या आधी त्याच्या सगळ्या जिप्सींचे क्लच झिबलभाऊ बघत. त्याचे दोन ड्रायव्हरही गाडी बघायला आले होते.

मी गाडी हळू चालवून दाखवली. वळवून आणली.

“अबे, हे तं आमची जिप्सीही करते,” दिलीप म्हणाला.

“नवीन क्लच आहे. आठशे किलोमीटर…”

“राईस मिल हाये तुही, तूस उडव जरा. का नुसती लाल रंगाची आणली?”

सगळे हसले. ते दोन ड्रायव्हरही हसले. मला वाटतं, त्या दोघांचं हसणंच मला लागलं. मी इंजिन पाच हजार फेऱ्यांवर नेलं आणि क्लच सोडला. गाडी उसळली, थोडी पळाली. “आणखी,” कोणीतरी ओरडलं. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. चौथ्या वेळी क्लच अर्धवट दाबून धरला, कारण चाकं जागीच फिरत होती आणि मला ती रस्ता धरायला हवी होती. पाचव्या वेळी गाडी हलली नाही. इंजिन ओरडत राहिलं. बोनेटखालून धूर आला. वास आला, जळक्या केसांसारखा.

मी खाली उतरलो. कोणी हसत नव्हतं. ते जास्त वाईट होतं.

“काय झालं बे?” दिलीपनं विचारलं. “काम कोणी केलं?”

“झिबलभाऊनं.”

“झिबलभाऊचं काम असं कसं गेलं?”

त्या क्षणी मी गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं. मी म्हणालो, “तेलाचे हात लागले असन प्लेटले. बुढा झाला आता.”

‘असन’ म्हटलं होतं मी, म्हणजे ‘असतील’. एवढी जागा स्वतःसाठी ठेवली होती. पण संध्याकाळी जेवताना तीच गोष्ट पुन्हा निघाली तेव्हा ‘असन’ गेलं होतं. “तेलाचे हात लावले,” मी सांगत होतो. आणि सांगता सांगता मला ते खरंच वाटू लागलं होतं, हे मी कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून झिबलभाऊंच्या शेडला आणली. दिलीप आणि त्याचे ड्रायव्हर सोबत होते. वेल्डिंगवाल्यानं हात दिला, गिअरबॉक्स उतरला. प्लेटचं अस्तर जळून कोळसा झालं होतं. मागचं ते हलकं चाक, घंटेसारखं वाजलेलं, त्यावर तापून जागोजाग निळे, जांभळे, मोरपिसासारखे डाग पडले होते. तेलानं घसरलेली प्लेट अशी होत नाही. हे मला आज माहीत आहे. त्यांना तर पाहताक्षणीच कळलं असणार. त्यांनी प्लेट नाकाशी नेली, निळ्या डागावरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडं पाहिलं.

दिलीप म्हणाला, “भाऊ, मालक म्हंतात तेलाचे हात लागले प्लेटले.”

झिबलभाऊ रागावतील, निळे डाग दाखवतील, मला खोटं पाडतील, असं वाटलं होतं. मी त्याची तयारीसुद्धा केली होती. पण त्यांनी दुसरंच विचारलं, अगदी हळू.

“मालक, त्या दिवशी हात पाह्यले होते ना तुमी?”

मी म्हटलं, “ध्यानात नाई, भाऊ.”

त्यांनी चष्मा काढला, बनियनला पुसला, पुन्हा लावला.

“बरं,” म्हणाले.

बस. एवढंच. ज्याची गाडी, त्याचा डोळा, हा त्यांचाच नियम होता, आणि तो डोळा आता म्हणत होता की आठवत नाही. त्याच्यापुढं त्यांनी स्वतःच्या बाजूनं काही मांडलं नाही. जुनं जड चाक त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळी बांधून मला आधीच परत दिलं होतं. ते मागवलं आणि तेच बसवलं. नवी प्लेट आली. त्यांनी बादली घेतली, राख घेतली, तीनदा हात धुतले, पंजे वर धरून वाळवले. मी दोन पावलं पुढं आलो. मला वाटलं, या वेळी मी मोठ्यानं म्हणेन, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

ते माझ्या बाजूनं गेले, खाली झोपले आणि प्लेट बसवली. त्या वेळी त्यांनी हात दाखवले नाहीत.

पुढचं मी बघत होतो, पण लांबून. हंगाम उघडायच्या आधी दिलीपच्या जिप्सी हायवेवरच्या मोठ्या वर्कशॉपला गेल्या. दिलीपच्या मागं बाकीचे जिप्सीवाले गेले. ड्रायव्हर लोकांना गंमत मिळाली. शेडवरून जाताना काच खाली करून ओरडत, “हात धुतले का, भाऊ?” सुरुवातीला ते हात वर करून हसत, म्हणे. मग हसेनासे झाले. आणि मग त्यांनी हात दाखवणंच बंद केलं, कोणालाच. त्यावर लोक म्हणू लागले, पाहा, आता तं दाखवतही नाई.

राखेचं पोतं नेणं त्यांनी त्याच दिवसापासून थांबवलं होतं. मी ट्रकवरून एक पाठवलं. ड्रायव्हरनं शेडच्या दारात उतरवलं. दोन महिन्यांनी मी तिथून गेलो तेव्हा ते तसंच होतं, तोंड शिवलेलं, पाण्यानं आत गोळा झालेलं. दगडावरचा खडूचा शब्द पुसट झाला होता. मी गाडी थांबवली नाही. दुसऱ्या वर्षी शेड बंद झाली. झिबलभाऊ गावी गेले, असं वेल्डिंगवाल्यानं सांगितलं. त्यानं नेहमीसारखी शिवी दिली नाही, म्हणून मला कळलं की त्याला सगळं माहीत आहे.

मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “मला काय सांगता? त्यांना सांगा.” मी सहा वर्षं घेतली, आणि तरी आधी गेलो दिलीपकडं.

दिलीप हसला. “अबे, मले तवाच माहीत होतं. वास येऊन राह्यला होता ना. तू पाच वेळा क्लच जाळला, मी काय आंधळा होतो?”

“मग बोलला काऊन नाई?”

“तू दोस्त. तू म्हटलं ते धरलं. म्हाताऱ्याच्या बाजूनं बोलून तुले खोटं पाडू का?”

“आता तरी सांग ना ड्रायव्हर लोकायले.”

“कोणाले सांगू? अर्धे ड्रायव्हर बदलले. नव्या पोट्ट्यायले झिबलभाऊ कोण, हेच माहीत नाई.”

म्हणजे माझं खोटं आता कोणाच्या लक्षातही नव्हतं. ते आपलं काम करून निघून गेलं होतं.

गेल्या वर्षी धान कापणी झाल्यावर मी गेलो. मार्कंड्याच्या अलीकडं, वैनगंगेच्या काठावर त्यांचं गाव आहे. तीच लाल गाडी घेऊन गेलो. का ते मला सांगता येत नाही. घर शोधावं लागलं नाही. ते अंगणात खाट विणत बसले होते, आणि गाडी थांबायच्या आतच मान वर न करता म्हणाले, “पाय क्लचवर विसावते तुमचा, मालक. मधातल्याचा आवाज येऊन राह्यला.”

केस पूर्ण पांढरे झाले होते. चष्म्याला सुतळी तीच असावी. गावात ते आता लोकांच्या खाटा विणून देतात. गाड्यांना हात लावत नाहीत. पार्वताबाईंनी पाणी आणलं, चहा ठेवला. त्यांना आता ऐकू कमी येतं. मिलची चौकशी झाली, धानाची झाली. माणिकची झाली; माणिकनं जीप विकली पण घुंगरू ठेवून घेतलं, हे सांगताना झिबलभाऊ जरा हसले.

मग मी म्हटलं, “भाऊ, त्या दिवशी हात साफ होते. मी पाहिले होते.”

दोरीचा पीळ त्यांनी खाटेच्या लाकडाला दोनदा गुंडाळला आणि ओढला.

“मले माहीत हाये.”

“मग तुम्ही बोलले काऊन नाई? निळे डाग सगळ्यांसमोर होते.”

“डाग दाखवले असते तं तुमी खोटे पडले असते. माहे हात साफ झाले असते का?” ते थांबले. “हात माहे होते, मालक. पाहणारे तुमी होते.”

मी माफी मागितली. शब्द मी वाटेत जुळवून आणले होते, ते सगळे म्हटले. त्यांनी ऐकून घेतले. बरं म्हणाले नाहीत, जाऊ द्या म्हणाले नाहीत. चहा झाला. मी उठलो तेव्हा तेही उठले, न्हाणीच्या बाजूला गेले. चुलीची राख एका डब्यात होती. ते हात धुऊ लागले. मी उभा राहिलो. एकदा. दोनदा. तीनदा. कोपरापर्यंत. मग पंजे वर धरून वाळवले, वेळ घेऊन, आणि माझ्यासमोर आले. आधी तळवे पुढं केले, मग पालथे. अंगठ्याखालचा व्रण तिथंच होता.

त्यांनी विचारलं नाही. नुसते धरून ठेवले.

“साफ,” मी म्हटलं.

“मोठ्यानं बोला,” ते म्हणाले. “पार्वताले आयकू येत नाई.”

मी मोठ्यानं म्हटलं. पार्वताबाईंनी चुलीपासून मान वळवली. कुंपणापलीकडं धान वाळवणाऱ्या दोन बायांनी वर पाहिलं आणि पुन्हा धानात पाय फिरवू लागल्या. ऐकायला एवढेच होते. ज्यांनी ऐकायला हवं होतं, त्यांतलं कोणी नव्हतं.

मी गाडीत बसलो. पाय काळजीपूर्वक उचलला, पायट्यावर विसावू दिला नाही. गावाबाहेर वळायच्या आधी आरशात पाहिलं. झिबलभाऊ अंगणात तसेच उभे होते, कोपरं वाकवून, धुतलेले पंजे वर धरून, कशालाही न लावता. जणू आता लगेच प्लेट उचलायची आहे.